अजिनाथच्या डब्यात उरलेली अक्षरं

पाटोद्याच्या स्टँडसमोर अजिनाथचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, वर ताडपत्री आणि एक कप्प्याकप्प्यांचा डबा. कप्प्यांत चकचकीत इंग्रजी अक्षरं. पाठीमागचा कागद सोलायचा, अक्षर गाडीवर दाबायचं, झालं. शेजारी माझं झेरॉक्स. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालोय, म्हणून त्याचं स्पेलिंग तपासायचं काम माझ्याकडे. मोबदला हाफ चहा. डिग्रीला यापेक्षा जास्त भाव अजून कुणी दिलेला नाही.

अजिनाथ बसत नाही. खुर्ची आहे, पण तिच्यावर बसतो मी. एसटी आली की हा पाटी वाचायला पुढे, खताचं पोतं उतरलं की त्याच्यामागे. शब्द दिसला की बोटं हवेत अक्षरं उचलायला लागतात. "ह्यात दोन ए गेले," असं हळहळून म्हणतो, जसे काही ते त्याच्याच डब्यातून गेले.

ए हे त्याचं कायमचं दुखणं. पाकिटात सगळी अक्षरं सारखीच येतात, आणि आपली नावं ए खाणारी. एकट्या सरस्वतीला तीन लागतात. व्ही उलटा चिकटवून ए भागवायची युक्ती त्यानं काढली होती. ती गावाला कळली नाही, पण तेव्हापासून व्हीसुद्धा संपायला लागले.

दसरा झाला की टोळ्या ऊसतोडीला निघतात. आमच्याकडे ट्रॅक्टर नावाशिवाय शीव ओलांडत नाही. घरातल्या थोरल्या बाईपुढं नाव मोठ्यानं वाचायचं, तिनं तेच म्हणायचं, मग नारळ. टोळी कर्नाटकात जायची असली की नाव इंग्रजीत, कारण तिथं मराठी वाचणार कोण. यंदा अजिनाथनं सगळ्या तालुक्याचे ट्रॅक्टर नटवले. सख्ख्या भावाचा तेवढा मागं ठेवला. घरचंच काम, होईल की.

भाऊ अभिमन्यू दुपारी आला. ट्रॅक्टर लाल, नवाकोरा, संध्याकाळी कर्नाटकात निघायचा.

"मायचं नाव टाक. सरस्वती."

"ए संपले, दादा. बीडलाबी न्हाईत. आख्खा जिल्हा निघालाय."

"मग दुकान कावून उघडलंस?" अभिमन्यू खाली उतरलाच नाही. "ऐक. मला एक कोयता कमी पडायलाय. दिवस मावळायच्या आत चांगलं नाव लागलं तर बस इथं अक्षरं खेळत. न्हाई लागलं तर तू आन् वनमाला गाडीत."

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. अजिनाथच्या बायकोला, वनमालाला, अजून हे माहीतच नव्हतं.

अजिनाथनं डबा टेबलावर पालथा केला. ई, एल, बी, ओ, डब्ल्यू, एफ, यू, क्यू, एक्स, झेड. बस. यातून इंग्रजी शब्द काढायचा, आणि तो अभिमन्यूला पटायला हवा.

"बोल, मास्तर. बी.ए. कशाला केलंस?"

मी एफ, ओ, एक्स जुळवले. "फॉक्स. कोल्हा."

"उसाच्या गाडीवर कोल्हा? कारखान्याचा वॉचमनच हाणंल."

"वुल्फ. लांडगा."

"मुकादम म्हणंल, माझं नाव लिहिलं."

"ब्लू घे."

"ट्रॅक्टर लाल हाय बे."

फ्युएल सुचला तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला. तो म्हणाला, "गाडीवर डिझेल लिहिल्यावर रात्री नळी घालायला लोकांना पत्ता तरी सापडंल." एवढं बोलून तो स्टँडापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. उन्हं कलायला लागली. माझं गिऱ्हाईक आधारकार्ड हातात धरून उभं होतं, त्यालाही एक शब्द सुचव म्हटलं. ते निघून गेलं.

मी नुसती अक्षरं सरकवत होतो. ई, एल, बी, ओ, डब्ल्यू.

"हे काय झालं?" अजिनाथनं विचारलं.

मी माझं कोपर टेबलावर आपटून दाखवलं. "एल्बो. कोपर."

तो थांबला. दोन वर्षांत त्याला थांबलेला मी पहिल्यांदा पाहिला. ऊसतोडीला असताना ट्रकला लावलेल्या फळीवरून डोक्यावर मोळी घेऊन चढताना तो पडला होता, त्यानंतर उजवं कोपर सरळ झालंच नाही. पडल्याचं घरात सगळ्यांना माहीत, पण हात किती आकडलाय हे कुणी काढत नसे. तोही नाही; अक्षरं डाव्या हातानं चिकटवतो.

"अर्थ ताकद म्हणून सांगू," मी म्हणालो. "तुझ्या भावाला काय कळतंय?"

 तो पाचही अक्षरं घेऊन ट्रॅक्टरकडं गेला.

निघायच्या वेळी सरस्वतीबाई ट्रॅक्टरपुढं उभ्या. मागं टोळी, भांडीकुंडी, पोरं. मी नाव वाचलं, "एल्बो." त्या म्हणाल्या, "येल्बो." नारळ वर गेला.

"अर्थ काय?" अभिमन्यूनं मला विचारलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात अजिनाथ बोलला.

"कोपर."

"गाडीला कोपर म्हणत्यात का बे? हे चांगलं नाव हाय?"

"तुज्या सगळ्या गाड्या टोळीच्या कोपरावरच भरत्यात, दादा. माजं वाकडं हाय तेवढं."

सरस्वतीबाई नारळ तसाच धरून होत्या. मग त्यांनी अजिनाथचा उजवा हात मनगटाजवळ धरला, हळूच ओढून पाहिला. आला तेवढाच आला.

"मला न्हाई सांगितलंस, इतका आकडलाय," त्या म्हणाल्या. मग अभिमन्यूकडं न बघताच, "तुजा कोयता दुसरीकडं हुडीक. नाव राहू दी."

"माय, लोक हसतील."

"कन्नड लोकाला हसू दी की. ऊस तोडत्यात का ते?"

नारळ फुटला. अभिमन्यू सीटवर बसला, भावाकडं न बघता म्हणाला, "पाडव्याला येईन तवर दुकान टिकीव म्हणावं."

ट्रॅक्टर हलला. आता तरी हा बसेल म्हणून मी खुर्ची पुढं केली. अजिनाथ बोनेटाकडं डोळे बारीक करून बघत होता.

"मास्तर, डब्ल्यू तिरपा लागलाय."

"जाऊ दे ना."

तो ट्रॅक्टरमागं पळत सुटला होता.