पायरीवाली बाय

गावात नळ आले तरी ती रोज सकाळी बारवेत उतरायची. हातात कळशी नाही, बादली नाही. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत तळापर्यंत जायची, ओंजळभर पाणी प्यायची आणि ऐटीत वर यायची. दारात नळ असताना ही पायपीट कशाला, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असे : "नळ सरकारचा हाय. पायरी माझी हाय." सगळं गाव तिला पायरीवाली बाय म्हणायचं.

टोकावड्याच्या अलीकडे, काळू नदीच्या काठावर आमचं गाव. नाणेघाटाकडे जाणाऱ्या बैलांच्या तांड्यांसाठी कधीकाळी कुणीतरी ही काळ्या दगडाची बारव बांधली. उन्हाळ्यात नदीची डबकी होतात, हिचं पाणी आटत नाही. बाय बौद्धवाड्यातली. धर्मांतराच्या आधी, ती परकरी पोर असताना, तिच्या आईला मडकं घेऊन वरच्या कट्ट्यापाशी उभं राहावं लागे. आमच्या सवर्ण आळीतल्या कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतणार. उभं करणाऱ्यांत माझे आजोबा पुढे होते. आमच्या घरात हे कधी बोललं गेलं नाही, मीही बोललो नाही. बाय मात्र चारचौघांत बोलायची, तेही हसून. नळ आल्यावर आमच्या आळीनं बारवेकडे पाठ फिरवली, तेव्हा ती म्हणाली, "तुमी सोडलीत तवा आमाला गावली. उष्टी हाय, पण गोड हाय."

दगडांच्या सांध्यात पिंपळ रुजायचे. पिंपळाला हात लावायला आमची माणसं धजत नसत, आणि तिच्या वाड्याला तर तो बोधीवृक्षच. मुळं दगड फोडत चालली तरी दोन्हीकडचे लोक हात जोडून बघत बसलेले. बाय खुरपं घेऊन उतरायची, रोप मुळासकट अलगद काढायची आणि नदीकाठी नेऊन लावायची. तिच्या वाड्यातले म्हातारे कुरकुरले, तर त्यांनाही तिनं सोडलं नाही. "मी पण पाया पडते त्याच्या. पण दुसऱ्याचं घर फोडायला बसला तर त्याला पण उठवायचा." नदीकाठच्या त्या पिंपळांखाली आज गुरं बसतात.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा मी ग्रामपंचायतीचा मेंबर होतो. बारव बुजवून तिथे एसटीचा थांबा आणि दोन गाळे काढायचं ठरलं. पोरंबाळं पडतील, डास होतात, अशी कारणं आम्ही सांगत होतो. खरं कारण गाळे. त्यातला एक माझ्या भावाला मिळायचा होता. मुरमाचा ट्रक ठरला, पण बाय असताना तो बारवेवर आणायची कुणाची छाती होईना. तेव्हा तोड मी सुचवली. सहा डिसेंबरला सगळा बौद्धवाडा दादरला जातो, बायनं तर एकही वर्ष चुकवलेलं नाही; त्या दिवशी सकाळीच काम उरकू. ही तारीख माझी होती. इतकी वर्षं मी ती ठेकेदाराच्या नावावर खपवली.

त्या सकाळी ट्रक मागे घेत काठावर आला आणि ड्रायव्हर खाली उतरून माझ्याकडे आला. "मेंबर, आत म्हातारी बसलीय. तिच्या डोक्यावर ओतू का काय?"

मी वाकून पाहिलं. तळाच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून, पांढरं लुगडं नेसून ती बसली होती. दादरला जायचंच लुगडं. मी वर यायला सांगितलं, पोलीस बोलावीन म्हणालो, शेवटी हातही जोडले. ती ढिम्म.

"तारीख तूच काढलीस ना रे?" तिनं खालूनच विचारलं. "वाडा रिकामा असतो असा एकच दिवस. एवढी अक्कल मला पण हाय."

"बाय, तुझं दर्शन चुकलं," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"बाबांकडं माणसं लय गेलीत. हिकडं कोणच नव्हतं."

ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं, बिडी विझवली आणि मुरूम रस्त्याकडेलाच रिकामा करून मुरबाडला निघून गेला. ती अंधार पडेपर्यंत वर आली नाही. वाड्यातली माणसं परतली तेव्हा त्यांच्या गराड्यात वर आली. माझ्या तारखेबद्दल तिनं त्यांना एक अक्षर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढे अनेकदा वाटलं.

गाळ्यांचा विषय मागे पडला. पुढल्या काही वर्षांत नाणेघाटाकडे जाणारी शहरातली मंडळी वाट वाकडी करून बारव बघायला येऊ लागली, फोटो काढू लागली. मग पंचायतीला अभिमान फुटला. 'ग्रामस्थांनी पिढ्यानपिढ्या जतन केलेला वारसा' अशी संगमरवरी पाटी तयार झाली. बाय तेव्हा काठी टेकत होती. पाटी लावायला गवंडी आला, तर त्याच्या खड्ड्यात तिनं काठी रोवली.

"कोणी जतन केली? लिवा खुशाल, पण पयलं हे लिवा, का आमाला हितं उतरू देत नव्हते."

सरपंच म्हणाले, बाय, जुनं कशाला उकरता. ती म्हणाली, आख्खी बारवच जुनी हाय, ती कशाला दाखवता मग. मी तिथेच उभा होतो. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, मी खाली पाहिलं. पाटी परत गेली. त्याच पावसाळ्यात बाय गेली. तिच्या मयताला मी गेलो, पण मागे उभा राहिलो.

पाटी पंचायतीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होती. आता म्हातारी नाही, लावून टाकू, असं गेल्या ग्रामसभेत कुणीतरी म्हणालं. मी उठलो. पहिली ओळ बाय सांगून गेली ती, म्हटलं. त्याखाली माझ्या आजोबांचं नाव आणि त्यांनी काय केलं ते. त्याखाली माझं नाव, सहा डिसेंबरची तारीख मी काढली होती, हे जसंच्या तसं. एवढं कोरणार असाल तर पाटीचा खर्च माझा. नाहीतर मी जिवंत असेपर्यंत पाटी लागणार नाही.

भावानं त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं सोडलंय. सोडू दे.