कळंबच्या वळणावरचं गेटवे

नव्वदच्या दशकात माझ्या थोरल्या भावाने पुणे-नाशिक रस्त्यावर, कळंबजवळच्या एका वळणाला हॉटेल टाकलं. मिसळ, चहा आणि बसायला चार बाकडी. अशी हॉटेलं त्या रस्त्याला हाकेच्या अंतरावर होती. गाड्या थांबायच्या तर काहीतरी वेगळं पाहिजे, असं दादाच्या मनाने घेतलं आणि त्याने दारात गेटवे ऑफ इंडिया बांधायचं ठरवलं. मुंबई त्याने पाहिली नव्हती. घरात ती पाहिलेला मी एकटा, म्हणून तज्ज्ञ मी.

खरं म्हणजे शाळेच्या सहलीत मला गाडी लागली होती. गेटवे मी बसच्या खिडकीतून, तोंडापुढे पिशवी धरून पाहिलं. हे मी कुणाला सांगितलं नाही.

गवंडी ओतूरचा. त्याच्यापुढे कॅलेंडरवरचं चित्र ठेवलं. दोन पुरुष उंचीची दर्शनी बाजू त्याने कमानीसकट झकास उतरवली आणि मला विचारलं, "भाऊ, मागनं कसं हाय ह्ये?"

"मागे समुद्र आहे," मी म्हणालो. "मागून कोण बघतंय?"

"मग तेवढं सिमिट वाचलं," दादा म्हणाला. मागची बाजू उघड्या विटांची राहिली.

गाड्या मात्र थांबू लागल्या. नवरा-नवरी उतरून फोटो काढत. एसटीचे कंडक्टर "चला, गेटवेवाले" अशी हाळी देत. दादाचं घर, पोरींच्या शाळा, सगळं त्या कमानीवर चालत होतं. मी पाहुण्यांना सांगायचो, डिझाइन आपलं.

दहाएक वर्षांनी वळण काढून रस्ता सरळ केला. नवा रस्ता हॉटेलच्या मागून गेला. जुन्या डांबरावर लोक बाजरी वाळत घालू लागले. गाडीवाल्यांना आता दिसायचं ते विटांचं धूड आणि मधे भोक. कुणी थांबेना.

"भावजी," वहिनी म्हणाली, "तुमचा समुद्र लई जवळ आला."

कुणी हसलं नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, ते वाटत नव्हतं. दात काढायच्या इंजेक्शननंतर गाल असतो, पण आपला वाटत नाही, तसं काहीतरी.

"मागची बाजू करून घेऊ," दादा म्हणाला. "न्हाईतर हॉटेल बंद करावं लागंल. ह्या टायमाला नीट बघून ये."

आठ दिवसांत येतो म्हणालो आणि दोन महिने लावले. कारण काहीच नव्हतं. शेवटी मुंबईला गेलो, लाँचचं तिकीट काढलं आणि पाण्यातून मागची बाजू पाहिली. ती जवळजवळ पुढच्यासारखीच होती. तेच कॅलेंडर उलट्या बाजूला पुन्हा उतरवलं असतं तरी भागलं असतं. मी फोटो काढले. लाँच धक्क्याला लागेपर्यंत बघत बसलो.

फोटो घेऊन कळंबला गेलो, तर दादा टेंपोत भांडी भरत होता. मंचरच्या एका मंगल कार्यालयात त्याने आचाऱ्याचं काम धरलं होतं. हात पुसून त्याने एकेक फोटो पाहिला.

"सारखंच हाय की रं."

"हो."

"मग?"

मी रिकामं पाकीट पुढे केलं. त्याने फोटो पाकिटात घातले आणि पाकीट माझ्या खिशात सरकवलं.

"त्या पातेल्याची ती कडी धर," तो म्हणाला. मी धरली. आम्ही ते टेंपोत चढवलं.