तोलाराचं पोट

माझे सासरे आबाराव यांनी सोसायटी खाल्ली, असं त्यांचं गाव चौदा वर्षं म्हणत होतं. पुरावा एकच होता आणि तो लांबूनही दिसायचा. तो म्हणजे त्यांचं पोट.

गाव तामलवाडीपासून आत, कच्च्या रस्त्यावर. आबाराव तिथल्या सोसायटीच्या धान्य दुकानात तोलार होते, म्हणजे काट्यावर माल जोखून देणारे. बहात्तरच्या दुष्काळात सगळं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतं आणि आठवड्याला पिशव्या घेऊन दुकानापुढं रांग लावत होतं. रांगेत सगळ्यांच्या गळ्याची हाडं वर आलेली. काट्यापलीकडं आबाराव, सदऱ्याच्या गुंड्या ताणलेल्या, परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या पोत्यात हात घालून उभे. बघणाऱ्यानं दुसरं काय समजायचं? मीही तेच समजलो असतो, पण तेव्हा मी त्यांचा जावई नव्हतो.

खरी गोष्ट अशी की आबारावांचं माप झुकतं असायचं. काटा बरोबरीत आला की वरून एक ओंजळ टाकल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. समोरच्या बाईची रिकामी पिशवी बघवत नाही, म्हणायचे. ओंजळी-ओंजळीनं जी तूट यायची, ती ते आपल्या घरच्या वाट्यातून भरून द्यायचे. घराबाहेर हे फक्त चेअरमन आण्णासाहेबांना माहीत होतं, आणि आण्णासाहेब कुणाविषयी चांगलं बोलणं शक्यतो टाळायचे.

मग घरात धान्य कमी आणि आबाराव मात्र जसेच्या तसे, हे कसं? आबाराव म्हणायचे, "आमचं खानदानच तसलं. पानी प्यालं तरी अंगाला लागतंय." यावर घरात कुणी शंका काढली नाही. त्याच उन्हाळ्यात त्यांची बायको सारजाबाई खडीच्या कामावर दोनदा चक्कर येऊन पडल्या. ऊन लागलं, असं सगळ्यांनी ठरवलं. ऊन होतंच.

त्यांच्या मुलीशी, द्वारकेशी, माझं लग्न झालं पंच्याहत्तर साली. मी भूमला शाळामास्तर. सुट्टीत सासुरवाडीला गेलो की माझं ताट सासऱ्यांच्या ताटाशेजारी मांडलं जायचं. सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. मामांचं जेवण बघण्यासारखं असे. घाई नाही, हावरेपणा नाही. सासूबाई चुलीशी बसून भाकरी थापायच्या, ती तव्यावरून थेट ताटात यायची आणि मामा तिला शांतपणे निरोप द्यायचे. सातव्या भाकरीला ते "पुरं" म्हणायचे, आणि आठवी आली की खायचे. वाढणाऱ्याचा मान ठेवावा म्हणून पाहुण्यानं नको म्हणायचं नसतं, आणि मामा स्वतःच्या घरातसुद्धा पाहुण्यासारखेच वागत.

शहाऐंशीच्या संक्रांतीपर्यंत त्यांचे गुडघे गेले होते. मग साखर निघाली. काट्यापाशी उभं राहवेना म्हणून सोसायटीनं खुर्ची दिली, ती मोडली, मग बसायला खताचं पोतं दिलं. झोपेत श्वास अडकायचा. सासूबाई जाग्या राहून कोपरानं ढोसायच्या तेव्हा तो पुन्हा चालू व्हायचा. सोलापूरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, हे वजन असंच राहिलं तर दोन वर्षं निघणं कठीण आहे. त्यांनी पथ्य लिहून दिलं. मामांनी ते मनापासून पाळलं. पथ्याचं खाऊन झालं की मग ते जेवायला बसत.

शेवटी त्याच डॉक्टरांनी पुण्याच्या एका सर्जनचं नाव दिलं. हे गृहस्थ परदेशात शिकून आलेले, पोट लहान करायचं ऑपरेशन करायचे. इकडं त्यांनी तसली थोडीच केली होती, त्यामुळं आमच्यापेक्षा तेच जास्त उत्सुक होते. आधी वजन कळवा, म्हणाले. सोलापूरच्या दवाखान्यातला काटा एकशेवीसवर जाऊन अडला होता, म्हणून मामांना सोसायटीच्या पोत्यांच्या काट्यावर चढवलं. ज्या काट्यावर त्यांनी गावाला जोखून दिलं, त्यावर गावानं त्यांना जोखलं. दीड क्विंटलला दोन किलो कमी भरले. आण्णासाहेब म्हणाले, "बारदाना वजा करा." मामांनी निमूटपणे सदरा काढून दिला.

मग पारावर चर्चा सुरू झाली. चांगलं चाललेलं पोट कुणी कापतं का, असा सगळ्यांचा सूर. शेजारचे गोरोबा म्हणाले, "आबाराव, दुस्काळी मुलखात पोट म्हंजी धान्याचं पेव हाय. आपल्या हातानं पेव कोन बुजवतंय?" यावर बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. या माणसांनी चौदा वर्षं त्या पोटाला शिव्या दिल्या होत्या, आणि आता ते जाणार म्हटल्यावर त्यांनाच हळहळ वाटायला लागली होती. गावाच्या या स्वभावापुढं मी हात टेकलेत.

मामांचाही धीर होत नव्हता. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "जावईबापू, मरायचं भ्या न्हाय. पर खायचं बंद झालं तर दिसभर म्या करू काय? लग्नाला गेलो तर इचारंल कोन? आबाराव येनार म्हणून लोकं बुंदी ज्यादा काढत्यात." ते अगदी मनापासून बोलत होते. मी हसलो नाही.

पुण्याला आम्ही तिघं गेलो, मामा, सासूबाई आणि मी. सर्जननी कागदावर पोट काढलं, टेबलावरचं स्टेपलर उचललं आणि त्या पोटावर वरच्या अंगाला पिनांची ओळ मारून दाखवली. जेवण ओळीच्या वर साठणार, खाली हळूहळू झिरपणार, आणि वरचा कप्पा भरला की माणसाला घासभरही जास्त जाणार नाही. मामांनी कागद हातात घेऊन नीट बघितला.

"पिना गंजायच्या न्हाईत का?" त्यांनी विचारलं.

गंजणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. मामांना अजून पटत नव्हतं. सासूबाई दाराजवळच्या स्टुलावर पदर सावरून बसल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, "मग हे जेवतील किती?"

डॉक्टरांनी आपला चहाचा रिकामा कप पुढं सरकवला. "एवढं. एका वेळेला एवढंच. जन्मभर."

सासूबाई त्या कपाकडं बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता रडतील. त्या म्हणाल्या, "करा."

मामांनी मान वळवून बायकोकडं बघितलं. त्यांच्या घरात काय करायचं हे सासूबाईंनी सांगायची ती पहिलीच वेळ असावी. ते बघतच राहिले आणि त्या बघण्यात होकार होऊन गेला.

ऑपरेशन नीट पार पडलं. घरी आल्यावर महिनाभर पेज आणि ताक, तेही चमच्यानं. मग दुधात कुस्करलेली भाकरी. घास इतका चावायचा की गिळायला काही उरू नये. जेवताना पाणी नाही. एक घास जास्त झाला की सगळं उलटून बाहेर. गोळ्या कायमच्या मागं लागल्या. वजन झपाट्यानं उतरलं, श्वास सुधारला, साखर खाली आली, गुडघे वाकायला लागले. पण केस गळाले, दंडाची कातडी लोंबायला लागली आणि भर चैत्रात ते घोंगडी पांघरून बसायचे.

आणि ते रडायचे. हे मी बघितलंय. समोर गरम भाकरी आहे, वास येतोय, जीभ हवं म्हणतेय, आणि चौथ्या घासाला पोट दार लावून घेतंय. मला त्यांचं फार वाईट वाटलं. तुळजापूरला एका जेवणावळीत यजमानानं हट्टानं अर्धा लाडू भरवला, तर मांडवामागं जाऊन त्यांना तो परत करावा लागला. यजमानाला वाटलं आपल्या अन्नाला नावं ठेवली. तिथून पुढं बोलावणं आलं नाही.

गाव स्वस्थ बसलं नव्हतंच. मामा बारीक झाले तशी नवी बातमी निघाली की पुण्याच्या डॉक्टरनं पोट फाडलं तेव्हा आत बहात्तर सालची मिलो सापडली. किती पोती सापडली, एवढ्यावरच काय तो वाद होता.

दिवाळीच्या आधी पुण्याला तपासणीला नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले की सवयीनं भराभर गिळताय, ते बंद करा; कुणाला तरी बरोबर घेऊन, बोलत बोलत जेवा. घरात राहणारी दोघंच. मामांनी सासूबाईंना शेजारी बसायला सांगितलं. त्यांनी साफ उडवून लावलं. "बायामानसानं गड्याच्या म्होरं बसून जेवायचं व्हय?" आठवडाभर त्या हे ना ते काम काढून टाळत राहिल्या.

आम्ही सुट्टीत गेलो तेव्हा द्वारकेनं हा तिढा सोडवला. तिनं आईला काटवटीपासून उठवलं, ताटावर बसवलं आणि स्वतः भाकरी थापायला बसली. मी जेवून भिंतीला टेकलो होतो. मामा आपली छोटी वाटी घेऊन चावत बसले होते. सासूबाई त्यांच्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बसल्या.

पहिली भाकरी आली, संपली. दुसरी आली. तिसरी त्यांनी ठेच्याबरोबर खाल्ली. चौथी तव्यावरून ताटात पडली तेव्हा मामांचं चावणं थांबलं होतं.

"सारजे, तुला एवढं जेवान लागतंय?"

"लागतंय की."

"कवापासनं?"

"पयल्यापासनं."

"मग इतकी वर्सं कधी दिसलं न्हाय ते?"

सासूबाईंनी भाकरीवर कालवण ओतून घेतलं. "इतकी वर्सं उरतंय कुठं? तुमचं झालं की एखांदी अर्धी, न्हायतर तांब्याभर पानी." बाजारातला भाव सांगावा तसं त्यांनी सांगितलं.

"आन दुस्काळात?"

"दुस्काळात तर तुमी गावाला वंजळी वाटत व्हता."

द्वारकेचा हात काटवटीत तसाच राहिला. मामांनी वाटी खाली ठेवली. तिच्यात दोन घास होते, ते त्यांनी पुन्हा उचलले नाहीत. सासूबाईंनी चौथी भाकरी संपवली, ताटात हात धुतला आणि कुणी काही बोलत नाही म्हणून त्याच ओशाळल्या.

सोसायटीचा एक दाणा त्या माणसानं कधी खाल्ला नव्हता. खाल्लं होतं ते घरातलं, आणि त्यासाठी कुणी कधी बोट दाखवलं नव्हतं, कारण ते चोरून खाल्लेलं नव्हतं. आग्रह करकरून वाढलेलं होतं. मला मामांचा राग आला. सासूबाईंचा त्याहून जास्त आला. एवढी भूक दाबून माणूस तीस वर्षं गप्प कसा बसतो? पण कुणावर ओरडणार? मामा माझ्यासमोर कातडी लोंबलेल्या हातांकडं बघत बसले होते. थोड्या वेळानं एवढंच म्हणाले, "उन्हानं पडली म्हनलो व्हतो आमी."

त्याबद्दल पुन्हा त्या घरात बोलणं झालेलं मी ऐकलं नाही. पण त्यानंतर आमच्याकडच्या लग्नांत एक नवंच दृश्य दिसायला लागलं. इकडं पंगती बसतात त्या आधी गड्यांच्या, मग पोरांच्या, आणि बाया सगळ्यांत शेवटी. त्यांच्यापर्यंत येईतो बुंदीचा चुरा झालेला असतो आणि आमटीत पाणी वाढलेलं असतं. मामांना कुठल्याच पंगतीत बसता येत नव्हतं. ते कमरेला पंचा गुंडाळून बायांच्या पंगतीत वाढायला उभे राहायला लागले. पहिली पंगत बसायच्या आधीच ते एक पातेलं झाकून बाजूला काढून ठेवत आणि त्यावरून आचाऱ्याशी कडाकडा भांडत.

गावानं त्याचाही अर्थ लावला. "सोताला खाता येत न्हाय, मग बायांत वाढून हौस भागवून घेतंय." मामांच्या कानावर हे आलं. त्यांनी ते तसंच राहू दिलं.

अठ्ठ्याऐंशीत गोरोबांच्या मुलीच्या लग्नाला मी होतो. ऊन कलल्यावर बाया बसल्या. मामा बुंदीची बादली घेऊन रांगेनं येत होते, वजनानं निम्म्यावर आलेले, सदरा आत दुसरा माणूस मावेल असा ढगळ. सासूबाईंच्या पत्रावळीपाशी येऊन ते थांबले. आमच्याकडं चारचौघांत नवरा बायकोशी बोलत नाही. आजूबाजूच्या बाया पदराआड हसायला लागल्या.

"वाढू का?" मामांनी विचारलं.

"इचारता काय? वाढा की," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या.

मामांनी बादली खाली ठेवली, दोन्ही हातांची ओंजळ भरली आणि पत्रावळीत टाकली. मग वरून आणखी एक टाकली.

सासूबाई "पुरं" म्हणाल्या. मामा जागचे हलले नाहीत. त्यांनी तिसरी ओंजळ टाकली, आणि सासूबाईंनी तीही खाल्ली.