सुधीर सबनीसांची मिशी

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या मोटार कारखान्यात मिशीवाला भारतीय कुठे बसतो असं विचारलं, की कोणीही सुधीर सबनीसांच्या टेबलाकडे बोट दाखवी. डोक्यावरचे केस मागे हटत चालले होते, पण मिशी मात्र पुण्यात कॉलेजात होती तशीच भरदार. माणूस अडल्यानडल्याला धावणारा. खोड एकच, उचलली जीभ लावली टाळ्याला. "अहो, आधी विचार करा, मग बोला," असं बायको, सरिता, लग्न झाल्यापासून सांगत आली होती.

२००६ साली त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या योखेनला ल्युकेमिया झाला. सबनीस जर्मनीत नवखे असताना घर शोधण्यापासून बर्फात गाडी चालवण्यापर्यंत सगळं ज्याने शिकवलं, तो हा योखेन. उपचारांत त्याचे केस गेले. मग विभागातल्या मंडळींनी बेत ठरवला: उन्हाळ्यात मेळावा भरवायचा, सगळ्यांसमोर डोकी भादरून घ्यायची, बघणाऱ्यांनी पैसे टाकायचे आणि तो निधी ब्लड कॅन्सरच्या संशोधनाला द्यायचा. सबनीसांच्या डोक्यावर भादरण्यासारखं फारसं नव्हतंच. ते उठून म्हणाले, "मी मिशी देतो." टाळ्या थांबेनात. योखेनला फोनवर हे सांगताना ते मिशीला पीळ देत होते.

जूनमध्ये आईवडील पुण्याहून राहायला आले. जेवताना सबनीसांनी मोठ्या कौतुकाने हा बेत सांगितला आणि आईच्या, कुसुमताईंच्या, हातातला घास ताटात परत गेला. बाप हयात असताना मुलगा मिशी उतरवत नाही; ती उतरते बाप गेल्यावर. वडिलांना, नानांना, ऐकू कमी येत असे, ते समोर निवांत आमटी भुरकत होते. "हे बसलेत ना अजून," एवढंच बोलून आईने डोळ्यांना पदर लावला.

खरं सांगायचं तर सबनीसांना हायसं वाटलं. मिशी त्यांना जीव की प्राण होती आणि बोलून गेल्यापासून ते पस्तावत होते. आईच्या रडण्याने आपली सोय झाली, हे त्यांना तिथेच, ताटावर बसल्या बसल्या कळलं, आणि त्याची लाजही वाटली.

आईची समजूत विभागात सांगितली असती तर लोकांनी मान डोलावली असती. पण एवढी फुशारकी मारल्यावर माघार कोणत्या तोंडाने घ्यायची? मेळाव्याच्या सकाळी त्यांनी फोन करून ताप आल्याचं सांगितलं.

संध्याकाळी योखेनचा फोन आला. तो मास्क लावून लांबून मेळावा बघून गेला होता. मिशीचं त्याने नावही काढलं नाही.

"किती आहे ताप?"

"साडेअडतीस," सबनीस म्हणाले.

मग योखेन हळू म्हणाला, "अंगावर काढू नकोस, सुधीर. परत मोज आणि मला सांग."

त्याच्या अंगात आजाराशी झगडायची ताकद उरली नव्हती. मागच्याच महिन्यात साध्या तापाने त्याला मरणाच्या दारात नेऊन आणलं होतं. सबनीस जर्मनमध्ये "हो, हो, बरोबर," म्हणत राहिले. फोन ठेवला तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी त्यांनी नानांच्या कानाशी बसून सगळं सांगितलं.

"माझा जीव तुझ्या मिशीला टांगलेला नाही रे. मला एकदा विचारायचंस," नाना म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "आईला पुढे केलंस, होय ना?"

सबनीस उठले, न्हाणीघरात गेले आणि मिशी साफ करून बाहेर आले. आईने एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली. ते तसेच योखेनच्या घरी गेले.

दार त्याच्या बायकोने, कारिनने, उघडलं. उघडा ओठ पाहून तिचे डोळे भरून आले. अंगात ताप असताना हा माणूस शब्द पाळून आला, असंच तिला वाटलं. मग तिने हात आडवा धरला. ताप आलेल्या कोणालाही काही दिवस आत घेऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं; रागावू नकोस, ती म्हणाली. आतून योखेनने विचारलं, "उतरला का ताप?"

आत जायला एक वाक्य पुरलं असतं: मला ताप नव्हताच. सबनीसांनी ते मनात जुळवलंसुद्धा. पण कारिन त्यांच्याकडे इतक्या मायेने बघत होती की तोंड उघडलं आणि निघालं ते दुसरंच.

"उतरतोय," ते म्हणाले. कारिनने दार लावलं.

त्यानंतरच्या रविवारी योखेन गेला. दफनाच्या वेळी कारिनने जमलेल्यांना सांगितलं, की हा मित्र तापाने फणफणलेला असतानाही दिलेल्या शब्दाला जागला. लोक एकेक करून पुढे आले आणि त्यांनी सबनीसांचे हात हातात घेतले. सबनीस खाली मान घालून उभे राहिले, आणि त्यांनी ते घेऊ दिले.