सावलीतलं जनावर

माझ्या भावाने आयुष्यात एकदाच शिकार केली, आणि तीही खाटेवर पडून.

तेव्हा मी जळगावला एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. पिंप्राळ्यात एक खोली भाड्याने घेतली होती. आमच्या घरातच काय, आमच्या गल्लीतही कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी अजूनही सांगते आणि सांगताना आवाज खाली करत नाही. भाऊ माझ्यापेक्षा मोठा. आबांना एकट्याने शेत झेपेना, म्हणून नववीत शाळा सोडून शेतात गेला. त्याचं त्याला वाईट वाटतंय असं मला कधी दिसलं नाही. उलट मला एस.टी.त बसवून देताना कंडक्टरला ऐकू जाईल असं म्हणायचा, "मॅडम शेतस. पुढली सीट द्या."

आमचं गाव धुळे-जळगाव रस्त्याला लागून, पारोळ्याच्या अलीकडे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. एप्रिलच्या सुरुवातीला शेणखताची ट्रॉली रिकामी करताना भाऊ वरून पडला आणि नडगीचं हाड मोडलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी पलास्टर घातलं आणि हलू नको म्हणून सांगितलं. आठवडाभरातच विहिरीवरची मोटर बंद पडली. भाऊ काठी घेऊन गेला मोटर बघायला. पलास्टर तडकलं, हाड सरकलं. दुसऱ्यांदा बसवताना डॉक्टर भावाशी बोललेच नाहीत, आबांशी बोलले. "आता दीड महिना हा खाटेवरून उतरला, तर पाय आखूड राहील. मग माझ्याकडे आणू नका."

घरी येताच आई म्हणाली, "लंगड्याले पोर कोन दी?"

आबा म्हणाले, "पोरचं नंतर दखू. औतमांगे कसा चाली, ते सांग."

भावाचं लक्ष दोघांकडे नव्हतं. तो खिडकीतून आभाळाकडे बघत होता. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे सालदाराचं, वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या गड्याचं, वर्ष बदलतं. जुना सालदार गेला होता, नवा आला होता. माणूस कामाचा होता, पण त्याला आमच्या शेताचे चढउतार ठाऊक नव्हते. बागायती कापूस मेअखेर लावायचा होता. शेताकडची लाईट दुपारी यायची. विहीर गावापासून लांब, तरी मोटर सुरू झाली की आपल्याला ऐकू येतं असं भाऊ शपथेवर सांगायचा. बारा वाजले की हा खाटेच्या काठावर येऊन बसलेला.

मला उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि आईने मला पहाऱ्यावर बसवलं. अख्खा वर्ग मी नुसत्या डोळ्यांनी गप्प करायचे. हा एक माणूस माझ्याने आवरेना.

अशात धुळ्याहून आमचा आतेभाऊ भेटायला आला. तो जहाजावर नोकरीला होता. महिनोन् महिने पाण्यावर, मग दोन महिने घरी. सगळे लोक पेशंटला मोसंबी आणतात, याने खिशातून साबणाच्या वडीएवढा एक करडा डबा काढला. त्याला छोटा पडदा, खाली चार-पाच बटणं.

आईने डबा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. "हाई काय शे? रेडू का?"

"रेडू नही, मामी. गेम शे," आतेभाऊ म्हणाला. "यामा जनावरे शेतस. रानमा फिरानं, जनावरे धराना, पाळाना."

"इतलाशा डब्बामा जनावरे?"

"भाऊ, बोटीवर पोरं वेडी झाली याच्यासाठी," आतेभाऊ माझ्या भावाला म्हणाला. "परत बोटीवर जायच्या आधी घेऊन जाईन. तोवर खेळ."

भावाने आधी तो उशाशी ठेवून दिला. पोरासोरांचं खेळणं म्हणाला. दुपारी बारा वाजता मीच तो चालू केला आणि त्याच्या हातात दिला, दुसरा काही उपाय सुचेना म्हणून. पडद्याला आतून उजेड नव्हता. बाहेरचं ऊन पडलं तरच चित्र दिसायचं. म्हणून खाट उचलून ओट्यावर, दाराजवळ आणली. डबा सगळा इंग्रजीत बोलायचा. मी खाली पायरीवर बसून वाचायचे आणि अहिराणीत सांगायचे.

चार दिवसांत भाऊ पक्का गुरं राखणारा झाला. आगीच्या तोंडाचा एक कोंबडा होता, त्याचं नाव त्याने तांबड्या ठेवलं. पाण्यातल्या एका बेडकाला मोऱ्या. लढाई झाली की दमलेलं जनावर तो दुसऱ्या लढाईला काढायचा नाही. मी म्हणायचे, अरे, अजून अर्धी ताकद आहे, दाखवतंय इथे. तो म्हणायचा, "दिनभर जुपेल शे ते. आराम करू दे." त्यामुळे आमचा खेळ फार हळू चालायचा. आईला ते बरंच होतं.

मग एका गावात पोचल्यावर एक म्हातारा भेटला, डब्यातला. त्याचं बोलणं मी वाचून दाखवलं. या गावापलीकडच्या रानात एक काळं जनावर राहतं. सावलीत राहतं. फार थोड्यांना दिसलंय. घाई करणाऱ्याला ते दिसत नाही.

भावाने डबा छातीवर ठेवला. "परत वाच."

मी परत वाचलं.

"कोनाना सावलीमा?"

"ते नाही लिहिलं."

त्या दिवसापासून बाकीची जनावरं मागे पडली. भाऊ दुसरं काही बोलेना. आणि इथे त्याने जे केलं ते आमच्याकडच्या शेतकऱ्यालाच सुचेल. तो म्हणाला, जनावर सावलीला येतं ते दुपारी. सकाळी कोणतं ढोर झाडाखाली बसतं? म्हणून तो सकाळी डबा हातातच घ्यायचा नाही. घड्याळात बारा वाजले की चालू करायचा, रानात जाऊन एका झाडापाशी आपला माणूस उभा करायचा आणि त्याला झाडाभोवती फिरवत राहायचा. उन्हं कलली की बंद.

मी सांगून थकले. "भाऊ, डब्यात सूर्य नाही. त्याला दुपार कळत नाही. सकाळी खेळ नाहीतर संध्याकाळी, सारखंच."

"तू बी.ए. शे ना?"

"आहे."

"मंग बी.ए.मा जनावरे शिकाडेल व्हतात का?"

आबा दारात बसून सुतळी वळत होते. ते म्हणाले, "बरोबर बोली राह्यना तो. दुपारलेच येस जनावर सावलीले." दोघांपुढे माझं काय चालणार?

पण बारा वाजताच तर त्याला विहिरीची ओढ लागायची. आता बारा वाजता तो झाडाखाली उभा असायचा. लाईट आली, गेली, मोटर चालली, बंद पडली, नवा सालदार येऊन सांगायचा आणि भाऊ मान वर न करता म्हणायचा, "आबाले सांग." हे आईच्या पहिल्यांदा लक्षात आलं. तिने मला चुलीपाशी बोलावलं.

"ते काळं सापडनं तर मंग काय?"

"मग खेळ संपला. त्याच्यापुढे काही नाही."

"म्हंजे हाऊ उठी?"

"उठेल."

आई संध्याकाळी दिवा लावताना बाकी देवांना जे मागायची ते मागायची, आणि शेवटी मला ऐकू येईल अशा आवाजात, "पलास्टर उघडस तवलोंग ते सापडाले नको." भावालाही ते ऐकू जायचं. तो खाटेवरून ओरडायचा, "माय, तू कोनाना बाजूनी शे?"

"तुना पायना," आई म्हणायची.

महिना सरला. पलास्टर उघडायला दहा-बारा दिवस उरले होते. कापूस लावायचा दिवस जवळ आला होता आणि भाऊ पुन्हा चुळबुळ करू लागला होता. झाडाभोवती फिरून फिरून काही निघत नव्हतं. "आज नही सापडनं तर सकाळ वावरमा जाई येस," असं त्याने दोनदा म्हणून झालं होतं. उद्या शेतात जाऊन येतो, म्हणजे विहीर बघणार आणि परत हाड सरकवणार. आबांनी काठी माळ्यावर टाकून दिली होती.

त्या दुपारी फार उकडत होतं. भाऊ फिरवता फिरवता झोपी गेला. डबा पोटावर, पडदा वर. मी पायरीवरून पाहिलं तर त्याचा छोटा माणूस झाडापाशी उभा, कोणी बटण दाबत नव्हतं. आणि बघता बघता त्या माणसाच्या स्वतःच्या सावलीतून काहीतरी निघालं. आधी दोन कान, मग पाठ. मांजरापेक्षा मोठं, वासरापेक्षा लहान, काळंभोर. ते त्याच्या मागे येऊन बसलं. ते झाडाच्या सावलीत नव्हतंच. भावाच्याच सावलीत होतं, आणि तो महिनाभर त्याला बरोबर घेऊन झाडाभोवती फिरत होता.

आई तांदूळ निवडत होती. मी खुणेने बोलावलं. तिने पाहिलं आणि माझा दंड धरला. "उठाडू नको त्याले."

तिचं बरोबर होतं. जनावर सापडलं की भाऊ उठणार, हे मलाच तिने विचारलं होतं आणि मीच तिला सांगितलं होतं. पण महिनाभर ज्याची वाट पाहिली ते येऊन बसलंय आणि मालक झोपलाय, हे काही मला बघवेना. मी म्हटलं, "माय, पायाचं नंतर बघू." आणि भावाच्या खांद्याला हात लावला. "भाऊ, हलू नको. बटण दाबू नको. फक्त बघ."

त्याने डोळे उघडले, पडद्याकडे पाहिलं आणि श्वास घ्यायचा थांबला. हळूच म्हणाला, "वाच."

मी वाचलं. लढ, जाळं टाक, खायला दे, निघून जा.

"खावाले दे."

मी सांगितलं ते बटण त्याने दाबलं. पडद्यावर अक्षरं आली. ते तुझ्याकडे बघत आहे. पुन्हा खायला दिलं. ते मागे सरकलं आहे. भावाच्या कपाळावर घाम आला. पुन्हा दिलं. ते खात आहे. "आता टाक जाळं," मी म्हटलं. तो म्हणाला, "खाई लेऊ दे पुरं." मी म्हटलं, "भाऊ, खाणं संपलं की ते जाईल, आत्ताच टाक." त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि टाकलं. जाळं हललं, पुन्हा हललं आणि शांत झालं.

भाऊ ओरडला वगैरे नाही. त्याने डबा दोन्ही हातांनी धरला आणि नुसता हसत राहिला. आबा आले, सालदार आला. सगळ्यांनी आळीपाळीने डब्यात डोकावून पाहिलं. मग भावाने डबा बाजूला ठेवला, दोन्ही हात खाटेवर टेकवले आणि म्हणाला, "आबा, काठी द्या. वावरमा जाई येस."

 आबा माळ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई आतून आली. तिच्या एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात ताट. ताटात कुंकू, अक्षता आणि भाकरीचा तुकडा. बाजारातून नवा बैल आणला की दारात उभं राहून ती हेच करते. पायांवर पाणी, कपाळाला कुंकू, तोंडात भाकरी.

"कोठे चालना?" तिने भावाला विचारलं. "नवं जनावर दारमा उनं अन् तू वावरमा?"

भावाने खाटेवर टेकवलेले हात सैल केले.

"नवा बैल घरी उना की तुना आबा काय करतस? सांग."

आमच्या घरात नवा बैल आला की तो घरचा चारा रवंथ करीपर्यंत त्याला जुंपत नाहीत, आणि आणणारा माणूस गोठा सोडत नाही. बैल बिचकतो, दावं तोडतो, परक्या हाताचं खात नाही. आबांनी हे आयुष्यभर पाळलं आणि भावाने आबांपेक्षा कडक पाळलं. एकदा नव्या बैलासाठी तो मावसबहिणीच्या लग्नालाही गेला नव्हता.

"माय, हाई डब्बामानं शे," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"धरताना डब्बामानं नही व्हतं?"

आबा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "बरोबर शे तिनं." सालदार भिंतीकडे तोंड करून हसत होता.

आईने डब्याच्या पाठीला कुंकवाचं बोट लावलं, अक्षता टाकल्या आणि तांब्या वाकडा केला. मी डबा झटकन वर उचलला, म्हणून वाचला. पाणी खाटेच्या पायावर गेलं. "तठेबी चाली," आई म्हणाली. भाकरीचा तुकडा भावाने खाल्ला.

त्यानंतर पलास्टर उघडेपर्यंत भाऊ उठला नाही. आईला कळलं होतं की त्याला डॉक्टर बांधू शकत नाही, आबा बांधू शकत नाहीत आणि बी.ए. झालेली बहीण तर नाहीच. त्याने त्या जनावराला एकाही लढाईला काढलं नाही. रोज दुपारी बाहेर काढायचा, खायला द्यायचा, मी वाचून दाखवायचे. ते तुझ्याजवळ बसले आहे. एवढंच यायचं, रोज तेच. तरी तो रोज वाचायला लावायचा. कापसाची लावणी आबांनी आणि सालदाराने केली. सालदार संध्याकाळी ओट्यावर येऊन कुठल्या सरीत पाणी तुंबलं ते सांगायचा आणि भाऊ पडल्या पडल्या त्याला चढउतार समजावून द्यायचा.

धुळ्याला पलास्टर कापलं तेव्हा पाय वाळक्या काडीसारखा निघाला. डॉक्टरांनी दोन्ही टाचा जुळवून पाहिल्या, बरोबर म्हणाले, आणि हळूहळू चालायला सांगितलं. आतेभाऊ बोटीवर जायला निघाला होता. त्याला डबा परत देताना भाऊ म्हणाला, "ते काळं शे ना, त्याले लगेच लडाईले लावू नको." आतेभाऊ हसला, पण हो म्हणाला.

जूनमध्ये माझी शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी भाऊ पहिल्यांदा वखरामागे चालला. मी आणि आबा बांधावर उभे होतो. भाऊ एक तास, म्हणजे वखराची एक ओळ, धरून पार टोकापर्यंत गेला. मला तर तो नीटच चालताना दिसला. आबा मात्र बांधावरून खाली उतरले आणि त्याच्यामागे भुसभुशीत मातीत वाकून चालायला लागले. बैल लंगडतो का हे ते असंच बघतात. चालताना बैल लपवू शकतो, खूर लपवत नाही, असं त्यांचं म्हणणं. दुखऱ्या पायाचा ठसा उथळ पडतो.

उजवा ठसा, डावा ठसा. मध्येच ते उकिडवे बसले आणि एका ठशात बोट घालून पाहिलं, मग शेजारच्यात. भाऊ वळून म्हणाला, "आबा, मी बैल शे का?"

 आबा उठले, हात धोतराला पुसले आणि मला म्हणाले, "जाय, मायले सांग. दोन्ही सारखा शेतस."