म्हात्रेकाकांची चूक मी सगळ्यांसमोर काढली

मंडळी, आज दुपारी माझ्याकडून जे झालं ते सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

आम्ही पाच जण महिन्यातून एकदा जेसल पार्कला माझ्या घरी जमतो आणि बिअरचे जुने प्रकार चाखायला शिकतो. शिकवतात नवघरचे म्हात्रेकाका. त्यांची सगळी नोकरी बिअरच्या कारखान्यात चव तपासण्यात गेली.

आज दोन काळ्या बिअर होत्या, स्टाउट आणि डार्क लागर. आधी स्टाउट ओतायची ठरलं होतं, पण माझा क्रम चुकला आणि पहिल्या ग्लासात लागर गेली. काकांनी पहिला ग्लास हुंगला. "ही स्टाउट. भाजलेल्या कॉफीचा वास बघा कसा सुटलाय!"

मी म्हणालो, "काका, ही तर लागर! कॉफीचा वास दुसऱ्या ग्लासाला येतोय." सगळे हसले.

काकांनी ग्लास खाली ठेवला. "मला वासच न्हाय येत. चार महिने झाले, तापात गेला. रंग आन् ओतायचा क्रम बघून बोलतो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर बोलावलं असतंस?"

तेवढ्यात आमच्या पाचांतल्याच, शेजारी राहणाऱ्या डिसोझाबाई म्हणाल्या, "अंकल, हम सूंघ के बोलेंगे, आप बताओ सही है के नहीं." काका पुन्हा शिकवू लागले, पण माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

निघताना मी माफी मागितली. ते म्हणाले, "चूक माझीच हाय." ते जास्त लागलं.

बाजूला घेऊन विचारता आलं असतं. तेव्हा का सुचलं नाही? तुमच्याकडून असं कधी झालंय का? मग त्या माणसासमोर पुन्हा कसे गेलात?