ॲलर्जीच्या रकान्यातलं ‘नाही’

आईची झोप उडायला फार मोठं कारण लागत नाही, हे मान्य. पण माझं कारण मला तरी पुरेसं वाटतं. माझी मुलगी मिहू तीन वर्षांची असताना तिला तापासाठी अमॉक्सिसिलिनचं सिरप दिलं, आणि थोड्याच वेळात तिचे ओठ सुजून उलटे झाले. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. वेळेत दवाखान्यात पोचलो म्हणून वाचली. डॉक्टर म्हणाले, "हे औषध हिला आयुष्यात पुन्हा कधीच नाही. पुढच्या वेळी इतका वेळ मिळेलच असं नाही."

तेव्हापासून अंथरुणाला पाठ टेकली की एकच प्रश्न. मी सोबत नसताना हिला कुणी दवाखान्यात नेलं, तर तिथल्या डॉक्टरला हे सांगणार कोण?

आता गंमत बघा. हे सांगायची सोय करणं हीच माझी नोकरी आहे. सोलापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात मी पेशंटच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी सांभाळते. जुनं सॉफ्टवेअर काढून नवं बसवायचं होतं. नवं अशासाठी की ते सगळ्यांना खुल्या असलेल्या एका सामायिक पद्धतीनं नोंदी लिहितं. आमच्याकडे लिहिलेलं, पेशंटची परवानगी असेल तर, दुसऱ्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरलाही वाचता येतं. सांगायला दोन ओळी. करायला घेतलं की केस पांढरे होतात. माझे झाले.

अशा कामात किस्से साचतात ते एसीच्या पाइपखाली ठेवलेल्या बादलीसारखे. थेंब पडत असतात, आपलं लक्ष नसतं, आणि एक दिवस चप्पल ओली होते. मैत्रिणी म्हणतात, लिहून काढ की. काढते. हसू येईलच याची हमी नाही.

*

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात जुन्या नोंदी चाळायला घेतल्या. ॲलर्जीच्या रकान्यात एकाला ‘नाही’, दुसऱ्याला ‘नाही’, तिसऱ्याला ‘नाही’. खाली खाली जात राहिले. एवढी माणसं, आणि कुणालाच कशाची ॲलर्जी नाही. मला आधी वाटलं, सोलापूरच्या उन्हाचा गुण असावा.

रिसेप्शनवर शबाना बसते. आमच्या दवाखान्यात सगळ्यांत जुनी तीच. तिला विचारलं.

"मॅडम, तो रकाना भरल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही. ‘नाही’ दाबलं की उघडतंय. समोर एवढी लाइन, कुणाकुणाला विचारत बसू?"

"म्हणजे विचारतच नाहीस?"

"विचारणं डॉक्टरचं काम आहे की. माझं काम पान उघडायचं."

मी मिहूची नोंद उघडली. मिहूला त्या दिवशी याच दवाखान्यात आणलं होतं. मी तेव्हा इथं नोकरीला नव्हते, नुसती किंचाळणारी आई होते. रिसेप्शनवर घाईघाईनं तिचं नाव टाकलेलं. ओठ सुजलेल्या पोरीच्या नावापुढे, त्याच दिवशी, ॲलर्जी: नाही. डॉक्टरांनी खरं लिहिलं होतं, पण खाली ‘शेरा’ नावाच्या चौकटीत, जिथं नातेवाइकांचे फोन नंबर आणि डब्याच्या वेळासुद्धा असतात. ती चौकट कुणी उघडत नाही.

शबानानं वाकून स्क्रीन बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"त्या तुम्ही होता होय? लई रडत होता हो. म्हणून तर काही न विचारता पटकन आत सोडलं मी तुम्हाला."

मिहूची नोंद मी डॉक्टरांना धरून तिथल्या तिथं दुरुस्त करून घेतली. बाकीच्यांच्या आया माझ्या खुर्चीवर बसलेल्या नव्हत्या.

*

जुन्या सॉफ्टवेअरच्या कंपनीचा माणूस आला. कडक इस्त्री, गोड बोलणं.

"डेटा तुमचाच आहे मॅडम. कंपनी त्यावर अजिबात हक्क सांगत नाही."

"मग द्या."

"दिलाय की." त्यानं टेबलावर पेन ड्राइव्ह ठेवला.

उघडला तर प्रत्येक पानाचा फोटो. नाव शोधता येत नाही, काही निवडता येत नाही. नुसतं बघायचं, लग्नाचा अल्बम बघितल्यासारखं.

"यातली माहिती नव्या सिस्टीममध्ये कशी न्यायची?"

"त्यासाठी आमचं सॉफ्टवेअर चालू ठेवावं लागेल."

"अहो, ते बंद करायचंय म्हणून तर डेटा मागतेय."

"तेच म्हणतोय मी मॅडम. बंद कशाला करताय?"

त्याला चहा पाजला. दुसरं काय करणार. पुढं नवं सॉफ्टवेअर आल्यावर कित्येक दिवस ते फोटो बघून आम्ही हातानं टाइप करत होतो.

*

हा किस्सा हसण्यासारखा नाही, पण तो गाळला तर पुढचा कळणार नाही.

साखर पेठेतले एक आजोबा शुद्ध हरपलेल्या अवस्थेत आले. आयुष्य यंत्रमागावर गेलेलं. सोबत मुलगा, आणि मुलाच्या हातात चादरीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत वडिलांचे निरनिराळ्या दवाखान्यांतले कागद. आपल्याकडची खरी सिस्टीम ही. प्रत्येक घरात कपाटावर अशी एक पिशवी असते आणि घाईत निघताना आधी ती खाली काढतात.

आमच्या आयसीयूच्या दारावर पाटी आहे, ‘पिशव्या आत नेऊ नयेत.’ जंतू जाऊ नयेत म्हणून लावलेली. त्यात चूक कुणाची म्हणायची? वॉचमनमामांनी पिशवी ठेवून घेतली. आत स्क्रीनवर आजोबांच्या नावापुढे आमचं ते ‘नाही’ होतं. इंजेक्शन दिलं गेलं.

आजोबा दुसऱ्या दिवशी गेले. त्या इंजेक्शनानंच गेले असं कुणी छातीठोक सांगत नाही. आणलं तेव्हाच उशीर झाला होता, असंही म्हणतात. पिशवीतल्या वरच्याच कागदावर त्या औषधाचं नाव लाल पेनानं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या, एवढंच मला माहीत आहे.

मुलगा जायला निघाला तेव्हा मामा पिशवी घेऊन त्याच्यामागं धावत गेले.

"ही राहिली की तुमची. मी कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही."

*

त्यानंतर मीटिंग झाली. नव्या सॉफ्टवेअरला हो म्हणायचं की नाही, यावर. सर म्हणजे आमच्या दवाखान्याचे मालक आणि मोठे डॉक्टर. माणूस वाईट नाही, फक्त स्क्रीन दिसला की चिडतो. मी उभी राहून खुली पद्धत, सामायिक नोंदी वगैरे सांगत होते. मलाच माझं खोटं वाटायला लागलं होतं.

सरांनी मध्येच थांबवलं. "मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा इथं दिवसभर धड लाइटसुद्धा नसायची. या तुमच्या पद्धतीवाचून आजवर कुणी मेलंय का?"

प्रश्न उत्तरासाठी नव्हताच. पण मागून आयसीयूच्या भाग्यलक्ष्मी सिस्टर म्हणाल्या, "व्हय सर."

सरांनी वळून बघितलं.

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"तुम्हीच की सर. आत्ता."

नव्या सॉफ्टवेअरला मंजुरी मिळाली. माझ्या भाषणामुळे मिळाली, असं मी घरी सांगितलं.

*

नव्या पद्धतीत ॲलर्जीपुढे तीन उत्तरं आहेत. आहे, नाही, आणि विचारलेलं नाही. हे तिसरं उत्तर मला इतकं आवडलं की ज्यानं सुचवलं त्याला जेवायला बोलवावंसं वाटलं. जुन्या नोंदींतली सगळी ‘नाही’ उचलून मी ‘विचारलेलं नाही’मध्ये टाकली. तिथं पिवळी पट्टी येते.

पहिल्या दिवशी सगळा दवाखाना पिवळा.

सर खाली आले. "म्हणजे इतकी वर्षं मी कुणाला काही विचारलंच नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"विचारलं असेल सर. लिहिलेलं नाही."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना नाही दिसत सर. फक्त आपल्याला दिसतं."

"तेच तर नको आहे."

पण पट्टी राहिली, आणि महिन्याभरात पिवळं कमी होत गेलं. मी नवऱ्याला म्हटलं, बघ, माणसं बदलतात, आपणच धीर धरत नाही. दुसऱ्या दिवशी शबानासाठी पेढे घेऊन गेले.

"कसं जमवलंस गं? एवढ्या गर्दीत सगळ्यांना विचारतेस?"

"नाही ओ मॅडम. ‘नाही’ दाबलं की पिवळं जातंय."

पेढा तिनं घेतला. चांगला आहे म्हणाली.

*

तरीही काही गोष्टी खरंच सुरू झाल्या. आसपासच्या गावांतले छोटे दवाखाने त्याच पद्धतीवर यायला लागले, त्यात मंद्रूपचा एक. मंद्रूप माझं सासर. मी आणि नवरा दोघंही नोकरीवाले, त्यामुळे शाळेला सुट्टी असली की मिहू आजीकडे. तो दवाखाना जोडला गेला त्या रविवारी मंद्रूपला जेवताना मी सासूबाईंना कौतुकानं सांगितलं.

"आई, आता मिहूच्या औषधाचं दुसऱ्या दवाखान्यातही दिसणार. मी सोबत नसले तरी."

"कुटल्याबी दवाखान्यात?"

"पुढं-मागं कुठल्याही."

"समद्यांस्नी?"

"तिथल्या लोकांना, हो."

त्यांनी मिहूच्या केसांवरून हात फिरवला. मला वाटलं, भारावल्या.

पुढच्या शनिवारी मिहू मंद्रूपला होती, मी दुपारी कामावर. मिहूची नोंद मी रोज एकदा उघडते. कुणी विचारलं तर टेस्टिंग म्हणते. वर लाल पट्टी असते, ‘अमॉक्सिसिलिन, तीव्र’. ती दिसली की बरं वाटतं. नवरा याला आजार म्हणतो.

त्या दुपारी पट्टी नव्हती. तिथं लिहिलं होतं, ॲलर्जी: नाही. खाली बारीक अक्षरात, ‘आधीची नोंद चुकीची. आजीने सांगितल्यानुसार.’ मंद्रूपहून, नुकतंच.

आमची सिस्टीम चालली होती. इतकी सुरळीत ती त्याआधी कधीच चालली नव्हती.

सासूबाईंचा फोन नुसता वाजत राहिला. दवाखान्याचा लागला. कंपाउंडर म्हणाला, "कान दुखतोय म्हणून आणलेलं की पोरीला. औषध घेऊन गेल्या आजी."

"कुठलं औषध?"

त्यानं तेच नाव सांगितलं.

डॉक्टरला फोनवर घेतलं. तरुण होता, बिचारा घाबरला. "मॅडम, स्क्रीनवर लाल होतं म्हणूनच मी विचारलं. आजी म्हणाल्या, कॉम्प्युटरचं चुकलंय. चुकतं हो हल्ली बरंच. मी मुलीलाही विचारलं. ती पण नाही म्हणाली."

मी खरं काय ते सांगितलं. त्यानं कंपाउंडरला लगेच गाडीवर पिटाळलं. मी नवऱ्याला बोलावलं आणि त्याच्या गाडीवर मागं बसून मंद्रूपकडे, विजापूर रोडला लागले, फोन हातात घट्ट धरून. अर्ध्या वाटेत तो वाजला. कंपाउंडर होता. बाटली ओट्यावर होती, पूड कोरडीच होती, अजून पाणी घातलेलं नव्हतं. रिकाम्या पोटी औषध नको म्हणून आजी आधी मऊ भात लावत होत्या.

नवऱ्यानं गाडी थांबवली. मी रस्त्याच्या कडेला खाली बसले. ट्रक जात होते.

घरी पोचलो तेव्हा मिहू कानात कापूस घालून भात खात होती. सासूबाई चुलीकडे तोंड करून बसलेल्या.

"आई, तुम्हाला माहीत होतं ना तिला औषधाचा त्रास होतो ते?"

"म्हाईत होतं की."

"मग डॉक्टरांना ‘नाही’ का म्हणालात?"

त्यांनी वळून बघितलं. डोळे लाल झालेले. "पोरीची जात हाय ती. तूच म्हनलीस, कुटल्याबी दवाखान्यात दिसतंय म्हनून. उद्या स्थळं येतील. त्यांचा कोन ना कोन असतोयच दवाखान्यात कामाला. पोरीत खोट हाय म्हनतील. म्या म्हटलं, आत्ताच पुसून टाकावं, ल्हान हाय तवर."

"आणि औषध दिलं असतंत तर?"

"मागलं औशिद गुलाबी हुतं. ह्ये पांढरं हाय." त्यांचा आवाज फुटला. "मला वाटलं, ह्ये दुसरं."

मी मिहूजवळ बसले.

"मिहू, डॉक्टरकाकांनी तुला विचारलं तेव्हा तू ‘नाही’ का म्हणालीस?"

"आजीनं सांगितलं होतं. असं सांगितलं की लग्न होत नाही."

मी तिला जवळ घेतलं. तिच्या वयाला जमेल तसं समजावलं. तुझे ओठ सुजले होते, तुला श्वास घेता येत नव्हता. ते औषध पुन्हा पोटात गेलं तर तसंच होईल, त्याहून वाईट होईल. म्हणून कुठल्याही डॉक्टरनं विचारलं की खरं सांगायचं. आई असो, नसो, आजी काहीही म्हणो.

"सांगशील ना?"

घास तिच्या हातातच राहिला. तिनं आजीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि बराच विचार करून म्हणाली, "लग्न झाल्यावर सांगितलं तर चालेल?"